चारशे सतरा नंबरचं माप

कारखान्यात तिला सगळे टेपबाई म्हणत. तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत होतं आणि तिथून ते कधी फारसं बाहेर पडलं नाही. दर शुक्रवारी दुपारी चार वाजता ती माहिती उतरवून घ्यायच्या टेपांची पेटी काखेत मारून मशीनच्या, म्हणजे कारखान्याच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, खोलीत जाई आणि साडेपाचला बाहेर येई. हातात एक जाड छापील अहवाल असे आणि त्याच्या पहिल्या पानावर खाली तिची सही. इथली घड्याळं चुकतात, मी चुकत नाही, असं ती म्हणायची. दिवसातून एकदा तरी म्हणायचीच, त्यामुळे लोकांनी त्यावर हसणंही सोडून दिलं होतं.

कारखाना बुटांचा होता, पण दुकानात जोडीने टांगलेले असतात तसल्या बुटांचा नव्हे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची दोन्ही पावलं सख्खी असूनही एकमेकांना अनोळखी. अशा लोकांसाठी इथे एकेक जोड मापावरून बनायचा. पूर्वी प्रत्येकाचा लाकडी साचा करून मांडणीवर ठेवत. पुढे साचे कापायचं यंत्र आलं. त्याला आकडे दिले की ते हवा तेव्हा नवा साचा कापून देई, म्हणून जुने साचे जळणात गेले. मापांची कागदी कार्डं मात्र बरीच वर्षं होती. सात वर्षांपूर्वी कारखाना नव्या इमारतीत आला तेव्हा ती पंचवीस खोकी कुठे ठेवायची असा प्रश्न पडला. साहेबांनी टेपबाईला विचारलं, आणि टेपबाई म्हणाली, "मशीनमध्ये आहे सगळं. दर शुक्रवारी टेपवरही जातं. कागदाचं काय लोणचं घालायचंय?" कागद रद्दीत गेले.

तिचं इथे येणं अक्कामुळे झालं होतं. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी. लहानपणी झाडावरून पडून अक्काचा खुबा मोडला, तो वाकडा सांधला आणि डावा पाय वाढायचा मागे राहिला. अक्का चालली की एक पाऊल जड पडे, एक हलकं. धप-टक, धप-टक. धाकटीला तो आवाज इतका सरावाचा होता की जिन्यात चार माणसं एकदम चढत असली तरी त्यातली अक्का तिला कळायची. अक्काला शाळेत चित्रकला शिकवायची नोकरी लागली आणि दिवसभर उभं राहायची वेळ आली, तेव्हा दोघी या कारखान्यात माप द्यायला आल्या. माप घेणाऱ्या म्हाताऱ्याचा लिहिणारा माणूस त्या दिवशी आजारी होता. म्हाताऱ्याने अक्काला भिंतीशी उभं केलं आणि डाव्या पावलाखाली पातळ लाकडी पट्ट्या एकेक करून सरकवत गेला. कमरेची दोन्ही हाडं एका पातळीत आल्यावर त्याने पट्ट्या मोजल्या आणि एकोणीस वर्षांच्या धाकटीला म्हणाला, "लिही गं. सेहेचाळीस मिलिमीटर."

तिने लिहिलं. वर कार्डाचा नंबर होता, चारशे सतरा. अक्षर बघून म्हाताऱ्याने विचारलं, "सोमवारपासून येतेस का?" ती आली, त्याला आता पस्तीस वर्षं झाली होती.

मशीन आलं ते त्यानंतर नऊ वर्षांनी. खांद्याएवढ्या उंचीचं काळं कपाट, समोर हिरव्या दिव्यांची रांग, आणि त्याच्यासाठी वेगळी थंड खोली. हाताखालच्या माणसांना जेवढी चांगली खोली मिळाली नाही तेवढी त्याला मिळाली म्हणून सुरुवातीला लोक चिडले होते. त्या हिवाळ्यात टेपबाईने तीन हजार शंभर कार्डं एकटीने मशीनमध्ये भरली. पहिलं कार्ड कुठलं घेतलं हे सांगायला नको. पुढे मशीनमध्ये काहीही बदल झाला की खात्री करायला ती तोच नंबर टाकून बघे. चारशे सतरा टाकलं की पडद्यावर सेहेचाळीस यायचे, आणि ते आले की तिला बरं वाटायचं. दर दोन वर्षांनी अक्काच्या नव्या बुटांची मागणीही तीच भरायची. मागणीच्या फॉर्मवर 'माप' असा रकाना होता. त्यात ती न विचारता लिहायची, 'पूर्वीप्रमाणे'.

तर या मशीनला आता निरोप द्यायचा होता. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते. आतल्या, माहिती साठवणाऱ्या आठ डिस्कांपैकी एक गेल्या वर्षीच मेली होती, तिच्यापुढचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला होता आणि तसाच जळत होता. मरायला टेकलेल्याला नवे दात कशाला, असं साहेब म्हणाले होते. नवं मशीन घ्यायचं ठरलं, ते बसवून द्यायला बाहेरच्या कंपनीचा एक इंजिनिअर आला. पन्नाशीचा, मितभाषी माणूस. त्याच्या नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा असे, म्हणून दुसऱ्याच दिवशी तो चष्मेवाला झाला. त्याने टेपबाईला एवढंच सांगितलं, "जुन्या लायब्रऱ्या निवडा, टेपवर घ्या. नव्यात भरायचं ते मी टेपवरूनच भरेन. मग हे बंद."

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. या मशीनमध्ये ज्या त्या कामाचा सगळा पसारा एकेका नावाच्या कप्प्यात असे, त्या कप्प्याला लायब्ररी म्हणत. अशा त्रेसष्ट लायब्रऱ्या निघाल्या. घर बदलताना माळ्यावर जे सापडतं तेच तिला तिथे सापडलं. 'चाचणी', 'चाचणी२', 'चाचणीनवी' आणि 'चाचणीखरी'. 'तात्पुरती' नावाची एक लायब्ररी एकोणीस वर्षांपूर्वीची होती. तात्पुरत्याइतकं टिकाऊ जगात दुसरं काही नसतं. एकीत फक्त एका जुन्या सहलीच्या बसमध्ये कोण कुणाशेजारी बसणार याची यादी होती, आणि तीही दोनदा बदललेली. ज्यांच्या लायब्रऱ्या होत्या त्यातले निम्मे निवृत्त झाले होते. टेपबाईने एकेकाला फोन लावला. "तुमची लायब्ररी सापडली आहे. ठेवू की उडवू?" एक जुने नमुनेकार म्हणाले, "अजून आहे? राहू दे गं बाई. कुठे तरी आपलं काही तरी आहे म्हटल्यावर बरं वाटतं." तिने ती ठेवायच्या यादीत घातली. त्यात बावीस टाचांची चित्रं होती आणि त्यातली एकही कधी बनली नव्हती.

तीन आठवड्यांनी बावीस लायब्रऱ्या कचऱ्यात निघाल्या आणि एक्केचाळीस ठेवायच्या ठरल्या. बुधवारी दुपारी तिने सगळ्यांना आपापल्या स्क्रीनमधून बाहेर पडायला सांगितलं, कारखानाभर फिरून प्रत्येक टेबल बघितलं, सगळे पडदे काळे दिसल्यावर मशीनच्या खोलीत येऊन टेप चढवली. अडीच तासांनी अहवाल छापून आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, चाळीस लायब्रऱ्या पूर्ण, एका लायब्ररीत एक फाइल राहिली.

तो 'एक' टेपबाईच्या ओळखीचा होता. अगदी सुरुवातीपासून दर शुक्रवारी एक राहायचाच. ज्या फाइलीत कुणीतरी काम करत बसलंय ती मशीन टेपवर घेत नसे, आणि टेपबाईच्या स्वतःच्या पडद्याचे निरोप साठवणारी एक क्षुल्लक फाइल कायम उघडी असे. ती राहिली काय आणि गेली काय, कुणाचं काही अडत नव्हतं. राहिलेल्याचं नाव अहवालाच्या नवव्या पानावर असे. पहिली काही वर्षं तिने नववं पान उलटून बघितलं, तेच नाव असायचं. मग तिने उलटायचं सोडलं. बुधवारीही तिने पहिल्या पानावर सही केली. साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर, 'सर्व माहिती सुरक्षितपणे घेतली आहे' या ओळीखालीही केली. नव्या इमारतीत आल्यापासून सात वर्षांत कधी न थांबलेलं मशीन चष्मेवाल्याने बंद केलं. खोली एकदम इतकी शांत झाली की टेपबाईला उगाचच खोकून बघावंसं वाटलं. शुक्रवारी अकरा वाजता भंगारवाले येणार होते. लोकांच्या पायांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून ते डिस्कांना भोकं पाडून मगच नेणार होते.

गुरुवारी दुपारी चष्मेवाल्याने टेप नव्या मशीनमध्ये भरली. "बघा चालवून," तो म्हणाला, आणि खुर्ची रिकामी केली. टेपबाई बसली, तिने पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि चारशे सतरा टाकलं.

नोंद सापडली नाही.

तिने परत टाकलं. मग चारशे सोळा, मग एक, मग पाच हजार. नाव-पत्ते होते, मागण्या होत्या, चामड्याचे रंग होते. मापं नव्हती. एकाही माणसाचं माप नव्हतं.

ती उठली, आपल्या टेबलाशी गेली आणि बुधवारचा अहवाल काढून नववं पान उलटलं. तिथे तिच्या निरोपांच्या फाइलीचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं 'मापे'. मग तिने मागच्या शुक्रवारचा काढला, मागच्या वर्षीचा काढला, कपाटाच्या तळाशी गेली. अकरा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यापर्यंत नवव्या पानावर 'मापे' होतं. त्याच्या आधी तिची ती क्षुल्लक फाइल होती. त्या उन्हाळ्यात तिला नवा कॉम्प्युटर मिळाला, तिची फाइल बंद झाली. त्याच आठवड्यात साचे कापायच्या गोदामातही कॉम्प्युटर गेला. एक गेली आणि एक आली. पहिल्या पानावर आकडा तोच राहिला. पाचशे सत्तर शुक्रवार तिने त्या आकड्याखाली सही केली होती, आणि जुन्या टेपा फिरवून फिरवून वापरायची पद्धत असल्याने सगळ्यात जुनी टेप दोन वर्षांची होती.

गोदामात साचे कापणारे काका चहा पीत बसले होते. कारखान्यातले सगळ्यात जुने तेच. त्यांच्या पडद्यावर नेहमीसारखं फडकं टाकलेलं होतं, आणि फडक्यावर चिठ्ठी, 'हात लावू नये'.

"काका, बुधवारी तुम्ही स्क्रीनमधून बाहेर पडला होतात का?"

"पडलो की. बटण दाबलं."

"कुठलं बटण?"

काकांनी पडद्याचं बटण दाखवलं. त्याने नुसती काच काळी होत असे. खालचा डबा आणि त्यातली मापांची फाइल होती तशी उघडी राहायची.

"आणि रोज घरी जाताना?"

"रोज तेच. अगं, बाहेर पडलं की परत आत यायला पासवर्ड लागतो. तो मी विसरतो. विसरलो की तुझ्याकडे यावं लागतं." काकांनी कप खाली ठेवला. "पहिल्याच महिन्यात तीनदा आलो. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, परत विसरलात तर मी बघणार नाही. मग मी म्हटलं, बाहेर पडायचंच कशाला?"

हे ती म्हणाली होती. तिला आठवतही होतं, कारण तेव्हा सगळे हसले होते आणि तिला आपल्या बोलण्याचं कौतुक वाटलं होतं. काकांवर रागवायला आलेली टेपबाई तशीच परत फिरली.

चष्मेवाल्याने तोवर ओळखलं होतं. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर नेला आणि हळूच म्हणाला, "टेपा जुन्या असतात बाई. कधी कधी खराब निघतात. असं होतं." तो तिला वाट काढून देत होता हे तिला कळलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. नववं पान तिच्याशिवाय कुणी वाचत नव्हतं, आणि तीही वाचत नव्हती. ती दोन मिनिटं उभी राहिली, मग अकरा वर्षांपूर्वीचा एक अहवाल आणि कालचा एक घेऊन साहेबांच्या खोलीत गेली.

"टेप चांगली आहे," ती म्हणाली. "चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी दोन्ही नववी पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली. "किती लोकांची मापं?"

"सहा हजार दोनशे चौदा."

"कागद तर आपण…"

"माझ्याच सांगण्यावरून."

साहेब ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते खिडकीबाहेर बघत बसले. "मशीन परत चालू करता येईल?"

"चष्मेवाले म्हणतात, बघू. उद्या त्या भोकं पाडणाऱ्यांना थांबवावं लागेल. नाही झालं तर मी राजीनामा देईन."

"राजीनामा घेऊन मी कुणाच्या पायाखाली ठेवू?" साहेब म्हणाले. "सकाळी आठला या."

घरी तिने अक्काला काही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणाली आणि लवकर अंथरुणावर पडली. अक्काचं पाऊल स्वयंपाकघरातून खोलीत आणि खोलीतून स्वयंपाकघरात जात होतं, धप-टक, धप-टक. सहा हजार लोक तिला डोळ्यांसमोर आणता येत नव्हते. एकाच पायाची भीती वाटत होती.

शुक्रवारी आठ वाजता चष्मेवाल्याने मशीनचं बटण दाबलं. आत काहीतरी घुरघुरलं, एकेक दिवा हिरवा झाला. सहा हिरवे झाले. जुना पिवळा होताच. आठवा जरा लुकलुकला आणि तोही पिवळा झाला.

"एक डिस्क गेली तर बाकीच्या सात मिळून तिचं काम चालवतात," चष्मेवाला म्हणाला. "दोन गेल्या की सगळं गेलं. ही सात वर्षं सलग फिरत होती. परवापासून गार पडली, आतलं वंगण धरलंय बहुतेक." त्याने ती डिस्क ओढून बाहेर काढली. जाड पुस्तकाएवढी, जड. "एकदम तापवली तर बिघडेल. हळूहळू ऊब दिली पाहिजे. हातापेक्षा अंग बरं."

म्हणून चौपन्न वर्षांची टेपबाई, जिच्या नाकावरचा राग बघून लोक जिन्यात बाजूला व्हायचे, ती स्वेटरच्या आत ती डिस्क पोटाशी धरून व्हरांड्यातल्या बाकावर दीड तास बसली. येणारेजाणारे बघत होते. एरवी तिने एकेकाला सुनावलं असतं. आज ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. काका आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "मला वाटलं नव्हतं गं तसं."

"मलाही," ती म्हणाली. "पासवर्ड मी लिहून देते तुम्हाला. मोठ्या अक्षरात."

दहा वाजता चष्मेवाल्याने डिस्क दोन्ही हातांत आडवी धरली, कानाशी नेली आणि गच्च बसलेलं झाकण उघडताना मनगटाला देतात तसा एक झटका दिला. मग दुसरा. "आलं," तो म्हणाला. डिस्क आत गेली. बटण दाबलं. दिवा लुकलुकला, विझला, परत लुकलुकला आणि हिरवा झाला. मशीनला जागं व्हायला पाऊण तास लागायचा. अकराला भंगारवाले भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले, त्यांना साहेबांनी स्वतः चहा देऊन व्हरांड्यात बसवलं. टेपबाई पडद्यापुढे बसून होती. पावणेअकराचे अकरा झाले, अकराचे सव्वाअकरा. शेवटी हिरवी अक्षरं आली. तिने चारशे सतरा टाकलं आणि सेहेचाळीस आले.

टेपबाई त्या आकड्याकडे बघून रडली. चष्मेवाल्याने दोन्ही चष्मे काढून पुसायला घेतले, कारण दुसरीकडे बघायला त्या खोलीत काही नव्हतं.

'मापे' दोन वेगवेगळ्या टेपांवर घेतली. अहवाल आला तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला, पहिलं पान, मग नववं पान, मग उरलेली सगळी. एक फाइल घेतली, राहिली शून्य. टेप नव्या मशीनमध्ये भरली, पुन्हा तपासली. दुपारी दोनला भंगारवाल्यांनी काम सुरू केलं. भोकं पडताना ती तिथेच उभी राहिली, आठही डिस्का होईपर्यंत.

त्या संध्याकाळी तिने अक्काला सगळं सांगितलं. अक्का खाटेच्या कडेला बसून भाजी निवडत होती. सांगता सांगता टेपबाईचा जुना आवाज परत आला. डिस्क पोटाशी धरून बसल्याचं सांगताना अक्का हसली, भोकं पाडणाऱ्यांचा चहा संपत आल्याचं सांगताना हात थांबवून ऐकू लागली.

"पण आता काळजी नाही," टेपबाई म्हणाली. "तुझं माप आता कायमचं. नव्या मशीनमध्ये आहे, दोन टेपांवर आहे, एक टेप कारखान्याबाहेरच्या तिजोरीत जाणार. मी मेले तरी तुझं माप कुणी हलवू शकत नाही."

अक्काने भाजी बाजूला ठेवली. "कायमचं म्हणजे?"

"म्हणजे कायमचं."

अक्का म्हणाली, "तो दारातला बूट आण जरा. उजवा."

"डावा?"

"उजवाच. डाव्याचं काय बघायचंय, ते तू केलेलं आहेस."

टेपबाईने उजवा बूट आणला. तो साधा, सपाट बूट. त्याच्याकडे कुणी कधी बघत नसे. अक्काने आत बोटं घालून तळाचं चामडं उचललं आणि खालून पुठ्ठ्याचे तुकडे काढले. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, पावलाच्या आकारात कातरलेला, एकावर एक. पाच तुकडे होते. सगळ्यात खालचा घामाने काळा पडला होता.

"हे काय आहे?"

"नऊ वर्षांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालं ना. तेव्हा तिथल्या डॉक्टरने पाय जरा ओढून घेतला. डावा तेवढा आखूड राहिला नाही. तुझे बूट डावीकडून उंच व्हायला लागले. म्हणून उजवीकडे हे."

"नऊ वर्षं?"

"पुठ्ठा बदलते मी. दर पावसाळ्यात."

"आणि बोट दुखतं म्हणतेस ते?"

"बूट तेवढ्याने घट्ट होतो. त्याचंच."

टेपबाई पुठ्ठे हातात घेऊन उभी राहिली. या नऊ वर्षांत तिने अक्काच्या बुटांच्या चार मागण्या भरल्या होत्या. ऑपरेशनला ती स्वतः दवाखान्यात बसून होती. घरात रोज ते पाऊल ऐकत होती. आकडा तोच होता म्हणून तिने आत बघितलं नव्हतं, इथेही नाही.

"सांगितलं का नाहीस मला?"

"काय सांगू?" अक्का म्हणाली. "कुणी आलं-गेलं की तू सांगायचीस, अक्काचं माप मला झोपेतून उठवलं तरी येतं. एवढ्या मानाने सांगायचीस. आणि म्हटलं, पुठ्ठा काय, घरातच असतो. पण तू कायमचं म्हणालीस तेव्हा मात्र भीती वाटली."

टेपबाईला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, साहेबांच्या खोलीतही नाही. ती म्हणाली, "ऊठ. भिंतीशी उभी राहा."

लाकडी पट्ट्या घरात नव्हत्या. तिने तेच पुठ्ठे घेतले, जुनी पोस्टकार्डं घेतली, वहीची कव्हरं घेतली. जमिनीवर गुडघे टेकून ती अक्काच्या डाव्या पावलाखाली एकेक सरकवत गेली. दर वेळी उठायची, अक्काच्या कमरेवर दोन्हीकडे अंगठे ठेवून डोळे बारीक करून बघायची, परत खाली बसायची. गुडघे कुरकुरत होते, अक्काचे आणि तिचेही. पातळी आल्यावर तिने थप्पी काढून पट्टीने मोजली. अडतीस. खात्री करायला तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग उजव्या पावलाचंही घेतलं, जे पस्तीस वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.

सोमवारी तिने साहेबांकडून दोन गोष्टी मागून घेतल्या. मागणीच्या फॉर्मवरचं 'पूर्वीप्रमाणे' बंद करायचं, आणि प्रत्येक मापापुढे ते कधी घेतलं याची तारीख दिसली पाहिजे. साहेब हो म्हणाले. मग ती दुपारच्या वेळी फोन घेऊन बसू लागली. यादी मोठी होती. काही वारले होते, काहींचे नंबर बदलले होते, एका बाईने पाय काढल्याचं शांतपणे सांगितलं. "बुटात काही घालता का?" असं ती थेट विचारायची. पहिल्या शंभरांतल्या एकतीस जणांनी हो म्हटलं. कुणी कापूस घालत होतं, कुणी रुमालाची घडी, एका गृहस्थांनी बायकोची जुनी पाकीटं कातरून घातली होती. कुणाचीच तक्रार नव्हती. कारखान्याकडे माप आहे म्हटल्यावर आपलाच पाय चुकत असेल, असं त्यांना वाटत आलं होतं. टेपबाई प्रत्येकाला माप द्यायला बोलवत होती, आणि फोन ठेवताना न चुकता म्हणत होती, "चूक आमची."

अक्काचे नवे बूट पाच आठवड्यांनी तयार झाले. काकांनी साचा स्वतः कापला आणि बूट घरपोच द्यायला गेले, म्हणाले, वाटेवरच आहे. टेपबाईला त्या दिवशी उशीर झाला. घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं. अक्का दुकानात गेलेली होती. गॅसपाशी उभ्या टेपबाईला जिन्यात पावलं ऐकू आली. बाईमाणसाची, सावकाश, दोन्ही सारख्या वजनाची. शेजारच्यांकडे कुणी आलं असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही. पावलं तिच्याच दारापाशी थांबली, आणि कडी वाजली.

"कोण आहे?" तिने आतून विचारलं.

"अगं, मी," बाहेरून अक्का म्हणाली. "चारशे सतरा."